धर्माची पारख कशी करावी: वही, पूर्वपक्ष आणि सोळा आणे

‘कोणता धर्म खरा?’ हा प्रश्न असाच्या असा धरून बसलात तर दहा वर्षांनीही तिथेच असाल. धर्म ही एकसंध वस्तू नाही. त्यात इतिहास असतो, विश्वाची मांडणी असते, आचाराचे नियम असतात, सण आणि पंगती असतात, लहानपणी कानावर पडलेला आजीचा आवाज असतो. खरं-खोटं ठरतं ते फक्त विधानांचं. म्हणून पहिलं काम म्हणजे धर्म सुटा करून त्यातली विधानं वेगळी काढणं.

एक दोनशे पानी वही घ्या. एका मताला वीस पानं. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पाचच विधानं लिहायची, आणि तीही अशी की ती कोसळली तर त्या धर्माचा माणूस स्वतःच म्हणेल, ‘मग आमचं काही उरलं नाही.’ ही विधानं शोधायला फार लांब जावं लागत नाही. ख्रिस्ती धर्माचं आरंभीचा प्रचारक पौल यानेच सांगून ठेवलं आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ (१ करिंथ १५). इस्लामसाठी कुराण हे अल्लाहचं वचन आणि मुहंमद हे अखेरचे प्रेषित. बौद्ध मतासाठी चार आर्यसत्यं, अनात्म (कायमचा आत्मा नाही) आणि प्रतीत्यसमुत्पाद (प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उपजते). जैनांसाठी प्रत्येक जीवाचं स्वतंत्र अस्तित्व, त्याला चिकटणारं सूक्ष्म कर्मद्रव्य, आणि जगाला कर्ता नाही हे मत.

हिंदू धर्मापाशी मात्र बहुतेकांची वही अडते. ‘हिंदू धर्म’ असं एकच पान करता येत नाही. शंकराचार्यांच्या अद्वैतात जीव आणि ब्रह्म एकच, तर मध्वाचार्यांच्या द्वैतात ईश्वर, जीव आणि जड यांच्यात पाच भेद, आणि ते कायमचे. पूर्वमीमांसा या दर्शनाला वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला, वाटतो, पण जग निर्माण करणारा ईश्वर तिला लागत नाही. ही तिन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तुम्ही ज्या घरात वाढलात तिथे प्रत्यक्षात काय मानतात ते ओळखा आणि त्याचं पान वेगळं करा. वारकरी घर, स्मार्त घर आणि शैव घर यांची पानं सारखी निघणार नाहीत.

आता प्रत्येक विधानापुढे त्याची जात लिहा: घडलेली गोष्ट, जगाची रचना, अदृष्ट (डोळ्यांना न दिसणारं), किंवा आज्ञा. ‘येशू क्रुसावर मेला’ ही घडलेली गोष्ट. ‘पुनर्जन्म आहे’ हे अदृष्ट. ‘एकादशी करा’, ‘रमजानचे रोजे धरा’ या आज्ञा. आज्ञेला खरं-खोटं लावता येत नाही. ती देणारा आहे का, आणि ती न्याय्य आहे का, एवढंच विचारता येतं. निम्मी भांडणं या जाती एकमेकींत मिसळल्यामुळे होतात.

मोजपट्टी आधी, वाचन नंतर

ग्रंथ उघडण्यापूर्वी कसोट्या लिहून त्यावर तारीख घाला. का, ते एका जुन्या वादातून कळतं. १८३९ मध्ये जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ काढला. खरा धर्म ओळखायच्या त्याच्या खुणा तीन: संस्थापकाने केलेले चमत्कार, शास्त्राचं पावित्र्य, आणि तो धर्म सगळ्या मानवजातीसाठी असणं. या खुणा लावल्या की ख्रिस्ती धर्मच वर येणार, कारण त्याच्याकडे पाहूनच त्या बेतल्या होत्या. सिहोरच्या सुबाजी बापूंनी सोमनाथ या नावाने त्याच वर्षी संस्कृतातच उत्तर दिलं. ते तिसऱ्या खुणेवरच अडले: माणसांचे अधिकार, म्हणजे पात्रता, वेगवेगळे असताना सगळ्यांना एकच धर्म का हवा? पुढे नीळकंठशास्त्री गोऱ्यांनीही म्यूरचं खंडन लिहिलं, आणि तेच गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. खंडन लिहिण्याइतकं खोल शिरल्यावर माणूस आपल्या जागी राहीलच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

मोजपट्टी उघड्यावर ठेवण्याचं चांगलं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९५० च्या लेखात त्यांनी धर्माच्या अटी सरळ मांडल्या: तो नीतीवर उभा हवा, बुद्धीला आणि विज्ञानाला पटणारा हवा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा हवा, आणि त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. या अटी कोणालाही तपासता येतात, नाकारता येतात. यातली दुसरी अट सत्याची आहे, बाकीच्या योग्यतेच्या आहेत. दोन्ही प्रकार हवेत, पण वहीत दोन वेगळे रकाने करा. सुंदर शिकवण खोट्या घटनेवर उभी असू शकते, आणि खरी घटना कोणाला काहीच शिकवत नसेल.

सत्याच्या रकान्यासाठी आमच्या मते चार कसोट्या पुरतात. विधान स्वतःशी विसंगत आहे का? ज्याचा त्यात काही लाभ नाही अशा कोणाची साक्ष आहे का? हे खोटं असतं तर जग वेगळं कसं दिसलं असतं? आणि चौथी, सगळ्यात जड जाणारी: याच जातीचा दुसऱ्या धर्मातला दावा मी याच पुराव्यावर मान्य केला असता का? आपल्या संतांचे चमत्कार बखरीवरून मान्य आणि शेजारच्या पिराचे बखरीवरून अमान्य, असं वहीत दिसलं की दोन्हींवर सारखीच खूण करा.

पूर्वपक्ष

आपल्याकडच्या दर्शनांची शिस्त अशी की आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच ताकदीने मांडायचं, हाच पूर्वपक्ष, मग उत्तर. न्यायशास्त्राने वादाचे तीन प्रकार केले: सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं पाडण्यासाठी ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण रोज वापरतो, तो इथला.

प्रत्येक मताचा एकपानी पूर्वपक्ष लिहा आणि त्या धर्माच्या जाणत्या माणसाला वाचायला द्या. ‘हो, आम्ही हेच मानतो,’ असं त्याने म्हटल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. साधारण दोन-तीन वेळा पान परत येतं. ख्रिस्ती माणूस त्रैक्याची (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) ओळ खोडतो, बौद्ध माणूस ‘निर्वाण म्हणजे शून्य होणं’ खोडतो, जैन माणूस स्याद्वादाला (प्रत्येक विधान एका दृष्टीनेच खरं, या मताला) ‘सगळंच खरं’ म्हटलेलं खोडतो. त्या खोडलेल्या ओळी जपून ठेवा. तुम्ही खरं शिकता ते तिथे.

वाचायचं काय? मूळ ग्रंथ, त्याच धर्माच्या लोकांना मान्य असलेल्या भाषांतरात. धम्मपदात ४२३ गाथा आहेत, आठवड्यात होतात. ईशावास्य उपनिषद अठरा मंत्रांचं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत मार्क सर्वांत आखूड, १६ अध्याय. शेवटच्या अध्यायातल्या ९ ते २० या ओळी सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे तिथेच समासात लिहा. कुराणातल्या ११४ सुरा साधारण लांबीच्या उतरत्या क्रमाने लावल्या आहेत, म्हणून नव्या वाचकाने शेवटच्या छोट्या सुरांपासून मागे यावं. जैनांसाठी तत्त्वार्थसूत्र, कारण ते दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य आहे. विनोबांनी काढलेली धर्मग्रंथांची सारं मराठी वाचकाला सोयीची आहेत. पण सार म्हणजे निवडून काढलेलं, त्यात अडचणीचा भाग सहज गळतो. साराबरोबर एक तरी ग्रंथ सबंध वाचाच.

आण्यांत मोजा

खरं की खोटं असे दोनच खण ठेवले तर वही खोटं बोलू लागते. सोळा आणे म्हणजे पूर्ण खात्री असं धरून प्रत्येक विधानाला आणे द्या. नियम एकच: जी विधानं एकमेकांना छेदतात आणि मिळून सगळ्या शक्यता संपवतात, त्यांची बेरीज सोळाच यायला हवी.

येशूच्या मृत्यूचं उदाहरण घेऊ. शुभवर्तमानं सांगतात, तो क्रुसावर मेला. कुराण (४:१५७) सांगतं, त्यांनी त्याला मारलं नाही, क्रुसावर चढवलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही. आता साक्षी पाहा. पौलाचं पत्र घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांतलं. रोमन इतिहासकार टॅसिटस हा ख्रिस्त्यांचा तिटकारा करणारा, तरी रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने देहदंड झाल्याचं लिहितो. कुराणाचं वचन घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी आलं. नुसत्या ऐतिहासिक पुराव्यावर मृत्यूच्या बाजूला पंधरा आणे जातात. मुसलमान वाचक म्हणेल, ते वचन इतिहासकाराचं नाही, ईश्वराचं आहे. बरोबर, म्हणून वहीत बाण काढा: हा एक आणा वाढायचा असेल तर ‘कुराण ईश्वराचं वचन आहे’ या विधानाचे आणे आधी वाढायला हवेत. आणि येशू मेला याचे पंधरा आणे म्हणजे तो उठला याचे नव्हेत. ते वेगळं विधान आहे, त्याला मरणाची नाही, पुनरुत्थानाची साक्ष लागते.

एक हिशेब बहुतेकांना चकित करतो. पाच विधानं, प्रत्येकी बारा आणे खात्रीची, आणि एकमेकांवर न टेकणारी. पाचही एकत्र खरी असण्याची खात्री किती? पाऊण गुणिले पाऊण असं पाच वेळा केलं की सोळा आण्यांतले जेमतेम पावणेचार उरतात. विधानं एकमेकांवर टेकलेली असतील तर आकडा वर जातो. ‘अमुक धर्म पूर्ण खरा’ हा दावा त्यातल्या कुठल्याही एका विधानाहून नेहमी नाजूक असतो, तो असा. धर्मच नको म्हणणाऱ्यालाही हेच लागू. चार्वाकाचं, म्हणजे परलोक न मानणाऱ्या जुन्या मताचं, पानही वहीत हवं आणि त्याच्या ‘देह हाच आत्मा’ला आणे द्यायला हवेत.

चुकतं कुठे

‘पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही.’ आपल्या शास्त्रकारांनी याला नेमकी अट घातली: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचं न दिसणं हा पुरावा. बायबलच्या निर्गम ग्रंथात सहा लाख पुरुष, बायकापोरं वेगळी, मिसरमधून (इजिप्तमधून) निघाले आणि चाळीस वर्षं रानात राहिले असं आहे. एवढ्या लोकांच्या चुली, खापरं, थडगी सिनाईत सापडायला हवी होती. सापडलेली नाहीत, म्हणून त्या आकड्याचे आणे कमी. एका आजारी माणसाला स्पर्शाने बरं वाटलं, ही गोष्ट मात्र खापरं मागे ठेवत नाही. तिथे न सापडण्याने काहीच ठरत नाही.

‘आमच्या ग्रंथात विज्ञान आधीच होतं.’ हा दावा प्रत्येक धर्मात भेटतो. तपासायला एकच प्रश्न पुरतो: शोध लागण्याआधी कोणत्या भाष्यकाराने त्या ओळीतून तोच अर्थ काढला होता? जुनी भाष्यं उघडा. तिथे दुसराच अर्थ असेल तर तो अर्थ मागाहून बसवला आहे.

‘वैद्याचं औषध लागू पडलं, तेव्हा त्याचं बाकीचंही खरं.’ हा साधा भोळेपणा नाही, न्यायसूत्रांतलाच युक्तिवाद आहे: मंत्र आणि आयुर्वेद यांचं फळ दिसतं, तसंच वेदाचंही प्रामाण्य, तो सांगणाऱ्या आप्ताच्या, म्हणजे विश्वासू जाणत्याच्या, भरवशावर. आम्हाला तो अर्धाच पटतो. ज्या कौशल्याने औषध कळलं त्याच कौशल्याने परलोक कळतो, हे आधी दाखवायला हवं.

आपला संत आणि त्यांचा दंगेखोर, ही तुलना तर रोजच चालते. संतासमोर संत ठेवा, आणि दंगेखोरासमोर दंगेखोर.

‘सगळे धर्म एकच सांगतात.’ प्रेमाने म्हटलं जातं, पण वही ते मान्य करत नाही. बौद्ध आत्मा नाकारतो, जैन मानतो. शेजारधर्म म्हणून हे वाक्य गोड आहे, उत्तर म्हणून चुकीचं.

आणि वेळ. घरात मृत्यू झाल्यावर, लग्न ठरताना, मोठ्या आजारात निकाल लिहू नका. त्या दिवसांत वही बंद, निदान वर्षभर.

साधना करून पाहणं

काही मतं म्हणतात, या आणि पाहा. जरूर पाहा. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर, महिनाभर रोज नामस्मरण, रमजानचे रोजे, रविवारची उपासना. आधी लिहा की कशाने काय सिद्ध होईल. दहा दिवस मौनात बसून मन निवळलं, तर ‘या पद्धतीने मन निवळतं’ हे सिद्ध झालं. पुनर्जन्म सिद्ध झाला नाही. नामस्मरणानेही तसंच निवळलं, तर त्या अनुभवाचे आणे एकाच धर्माच्या पानावर टाकता येत नाहीत, दोन्हींत वाटावे लागतात.

खरं काय आणि जायचं कुठे

हे दोन वेगळे निर्णय आहेत. आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. मधे एकवीस वर्षं. ‘हे नव्हे’ कळल्याबरोबर ‘मग ते’ म्हणायची घाई करू नका.

धर्म बदलायचं ठरलंच तर कागद आधी पाहा. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. त्याबाहेर गेल्यावर तो राहत नाही. वारसा आणि लग्नाचे कायदेही बदलू शकतात, वकिलाला विचारा. ही भीती सत्याच्या रकान्यात मात्र घेऊ नका.

घरात वेगवेगळे निकाल लागले तर? महात्मा फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात अशा घराची कल्पना केली आहे: बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी (फुल्यांचाच सार्वजनिक सत्यधर्म मानणारा), आणि सगळे एका छताखाली, एकमेकांचा द्वेष न करता. पुस्तक १८९१ मध्ये छापलं गेलं. तसं राहायचं तर काही गोष्टी बोलून ठेवाव्या लागतात: देवघराची पूजा कोण करणार, मुलांची नावं कशी ठेवायची, कोणत्या सणाला कोण स्वयंपाकघरात असणार, उपासाच्या दिवशी वेगळं रांधायचं का. आणि आपले अंत्यविधी कसे करायचे, दहन की दफन, मंत्र की मौन, हे एका कागदावर लिहून, सही करून, घरातल्या दोघांना दाखवून कपाटात ठेवा.