जुन्या हेरपटाची चांगली डिस्क कशी ओळखायची

जुना हेरपट विकत घ्यायला गेलं की एकाच पिक्चरच्या चार-पाच डिस्क समोर येतात आणि प्रत्येकीच्या कव्हरवर 'रीमास्टर्ड' (म्हणजे जुनी प्रिंट नव्याने साफ केलेली) छापलेलं असतंच, त्याला भुलू नका. मी इथे मायकल केनचा १९६५ चा 'द इप्क्रेस फाइल' घेतो, कारण डिस्कमधली खोट यात लगेच उघडी पडते.

आधी कव्हरची मागची बाजू वाचा. आस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण, २.३५:१ पाहिजे, ४:३ किंवा फुल स्क्रीन असेल तर सरळ परत ठेवा, कारण त्यात चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कापलेला असतो आणि या पिक्चरमध्ये सगळी मजा कडेलाच आहे, लंडनच्या अल्बर्ट हॉलच्या बाहेरची ती मारामारी आठवा, कॅमेरा फोन बूथच्या आत आणि आपण काचेतून बघतोय. जुनी डीव्हीडी असेल तर '१६:९ एनहान्स्ड' (रुंद टीव्हीसाठी बनवलेली) लिहिलंय का तेही बघा, नसेल तर चारही बाजूंना काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढं चित्र.

आता डिस्क लावा, पण सुरुवातीलाच धूसर दिसलं म्हणून वैतागू नका हां, हिरो झोपेतून उठलाय आणि त्याने चष्मा लावलेला नाही! चष्मा चढवला की चित्र स्वच्छ होतं, खरी परीक्षा तिथून पुढे.

एखाद्या क्लोजअपला पॉज करा. चेहऱ्यावर बारीक दाणे दिसतायत? मग छान. हा पिक्चर टेक्निस्कोपमध्ये शूट झालाय, म्हणजे ३५ एमएमच्या फ्रेमला एरवी फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांची उंची मिळते तिथे यात दोनच, फिल्म निम्मी लागते पण छोटं निगेटिव्ह मोठं करताना ग्रेन, म्हणजे हेच दाणे, वाढतो, तो असणारच. ग्रेन पुसून टाकलेला असेल तर माणसं मेणाच्या पुतळ्यासारखी दिसतात, कोटाचं विणकामसुद्धा सपाट होतं, अशी डिस्क ४के असली तरी मी घेणार नाही. खांद्यांभोवती पांढरी रेघ दिसली तर शार्पनेस वरून चढवलाय असं समजा.

आवाजासाठी मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) ट्रॅक असेल तर तोच लावा. पॅल डीव्हीडीत (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) सेकंदाला २४ फ्रेम्सचा पिक्चर बहुतेक वेळा २५ ने पळवलेला असतो, १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते, संगीतकार जॉन बॅरीचं ते सिम्बलम (संतूरसारखं काड्यांनी वाजवायचं तारवाद्य) कानात बसलेलं असेल तर नक्की खटकेल.

आणि हो, डिस्कला शिव्या घालायच्या आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) आणि नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस खाली आणा, फिल्ममेकर मोड (असली सगळी प्रोसेसिंग बंद ठेवणारा) असेल तर तोच लावा आणि मग तोच क्लोजअप परत बघा.