पावसाळ्यात स्नेक प्लांटला पाणी घालायची घाई नको

आमच्या नेरुळच्या घरात स्नेक प्लांटच्या, म्हणजे उभ्या तलवारीसारख्या पानांच्या झाडाच्या, नऊ कुंड्या आहेत आणि त्यातल्या सात एकाच रोपाच्या पिल्लांच्या आहेत. ते मूळ रोप मी जवळजवळ गमावलंच होतं. नर्सरीत सांगितलं होतं, "आठवड्यातून एकदा पाणी घाला, बाकी काही बघायला नको." मी रविवार धरला. उन्हाळा छान गेला. मग जुलैत झड लागली. आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे वाळेनात, कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि मी आपला रविवार पाळतेच आहे. एका सकाळी पुसायला म्हणून मधलं पान धरलं, तर ते अलगद हातात आलं. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि वास सडक्या बटाट्याचा.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातलं. ते पाणी जाड पानांत आणि मातीखालच्या आडव्या कंदात साठवून ठेवतं. पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि हवा घ्यायला मुख्यतः रात्री उघडतं, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. अशा झाडाला मुळात कमीच पाणी लागतं. त्यात आपल्याकडच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट, की घरातल्या कुंडीची माती पंधरा-पंधरा दिवस ओली राहते. म्हणून वार धरून पाणी घालू नका.

मी संपलेल्या उदबत्तीची काडी वापरते. ती कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. माती चिकटून आली किंवा काडी गार लागली, तर पाणी नाही. वरची माती बघून ठरवू नका, ती पंख्याच्या वाऱ्याने सुकते आणि खाली चिखल असतो. या हिशोबाने माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये दहा-बारा दिवसांनी पाणी घालावं लागतं, थंडीत तीन आठवड्यांनी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी महिनाभर नाहीच. घालताना मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं, पानांच्या बेचक्यात नाही, मातीवर. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका. ते मुळांनाही वाईट आणि त्यात डासांच्या अळ्याही होतात.

कुंडी मातीची घ्या, भोक असलेली. मिश्रणात मी दोन वाट्या लाल माती, एक वाटी जाड वाळू, एक वाटी विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत घालते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवतं, म्हणून या झाडाला मी ते घालत नाही. नर्सरीतून रोप निव्वळ कोकोपीटमध्ये आलं असेल, तर पावसाआधी बदला.

सडायला लागलेलं रोप वाचतं, फेकू नका. मी कुंडी आडवी करून मुळांचा मातीसकट गोळा बाहेर काढला आणि नळाखाली माती धुतली. चांगला कंद पिवळसर-केशरी आणि टणक असतो, सडका बोटाने दाबला की आत जातो. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने सगळा मऊ भाग कापला, आत एकसारखा टणक रंग दिसेपर्यंत. कापताना थोडं चांगलं गेलं तरी चालेल, सडकं राहता कामा नये. कापलेल्या जागी आई हळद लावायची म्हणून मीही लावते, पण खरं काम कोरडं ठेवण्याने होतं. तीन दिवस पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवलं, मग कोरड्या मिश्रणात लावलं आणि आठवडाभर पाण्याचा थेंब घातला नाही. दोन महिन्यांनी कडेला हिरवी सुईसारखी टोकं वर आली. ती पाहिली तेव्हा मी ऑफिसची बस सोडून तिथेच बसले होते.

नवं रोप हवं असेल तर असं पिल्लू कंदासकट वेगळं करा. पानाचा तुकडा लावूनही रोप होतं, खालची बाजू खालीच ठेवून, पण पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर पिल्लू बहुधा नुसतं हिरवं येतं.

कमी उजेडात हे झाड तगतं, पण फारसं वाढत नाही. आमच्या पूर्वेच्या खिडकीतलं आणि पॅसेजमधलं एकाच दिवशी लावलेलं, आज उंचीत हातभर फरक आहे. पश्चिमेच्या काचेतून येणारं मे महिन्यातलं दुपारचं ऊन तेवढं टाळा, पानांवर पांढरट डाग पडतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसा.

हवा शुद्ध होते म्हणून बरेच जण हे झाड घेतात. १९८९ च्या नासाच्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ च्या एका आढाव्यात हिशोब मांडलाय, की उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. झाड हवं तेवढं ठेवा, पण खिडकीही उघडा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पान चघळलं तर त्यांना उलट्या होतात. आमच्या मजल्यावरच्या मांजरीमुळे माझी दोन झाडं आता फ्रिजवर आहेत, आणि तिथली काडी मी स्टुलावर चढून बघते.