हॉस्पिटलातून घरी आलेला मास्क: कुठे काढायचा, कुठे ठेवायचा

मास्क काढताना बहुतेकांचा हात सरळ नाकासमोर जातो. नेमकी तीच जागा टाळायची आहे. २०२० मध्ये हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ अंश तापमानाच्या खोलीत कोरोना विषाणूचे थेंब निरनिराळ्या वस्तूंवर टाकून पाहिले. टिश्यू पेपरवर तो तीन तासांत सापडेनासा झाला, कापडावर दुसऱ्या दिवशी. सर्जिकल मास्कच्या आतल्या थरावर मात्र चौथ्या दिवसापर्यंत सापडला आणि बाहेरच्या थरावर चक्क सातव्या दिवशीही. घाबरू नका, तोवर मूळच्या हजारातला जेमतेम एक भाग उरला होता.

१. दारातच हात धुवा. एन-९५ असेल तर आधी मानेवरचा पट्टा, मग डोक्यावरचा. मास्क पट्ट्याला धरूनच उचला आणि पुन्हा हात धुवा.

२. एन-९५ पुन्हा वापरायचा असेल तर कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत श्वासाचा ओलावा कोंडतो. टंचाईच्या काळात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने आरोग्य कर्मचाऱ्यांना पाच मास्क आलटून पालटून वापरायला सुचवलं होतं. माझी बहीण नर्स आहे. आमच्या बाल्कनीतल्या दोरीवर तेव्हा वाण्याकडच्या पाच खाकी पिशव्या चिमट्यांनी लटकायच्या, सोम ते शुक्र लिहिलेल्या. एकदा पावसाची झड आली, स्केचपेनची शाई पसरली आणि मंगळ कुठला, बुध कुठला कळेना. दोन्ही टाकून दिले. तेव्हापासून बॉलपेन.

३. एन-९५ धुऊ नका, सॅनिटायझरही फवारू नका. त्याच्या मधल्या थरातल्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्यामुळेच अडकतात. साबण किंवा स्पिरिट लागलं की तो भार जातो. मास्क दिसायला नवाकोरा, कामाला निम्माशिम्मा. ओला, मळका किंवा पट्टा सैल झालेला असेल तर सरळ टाका.

४. ॲप्रन, स्क्रब्ज (हॉस्पिटलात घालायचे कपडे) झटकू नका. थेट साबणाच्या गरम पाण्यात भिजवा आणि उन्हात वाळवा. कोरोना आणि फ्लू या दोन्ही विषाणूंचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं. फ्लूचा विषाणू तसाही कापडावर ८ ते १२ तासच टिकतो. स्टील-प्लॅस्टिकवर २४ ते ४८. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस वेगळा. त्याला हे आवरणच नसतं, सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. तिथे ब्लीचच लागतं.

५. वापरलेला मास्क रस्त्यात किंवा ओल्या कचऱ्यात नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये घरांसाठी सांगितलेली रीत सोपी आहे: कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवायचा, आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून कापून सुक्या कचऱ्यात टाकायचा. कात्रीही धुवा, संध्याकाळी दुधाची पिशवी तिनेच कापायची असते.