बाळाचं मोठं आतडं का फुगतं, ते असं ओळखा

माझ्या मुलाला पहिली शी झाली ती तिसऱ्या दिवशी. 'होईल हळूहळू' असं सगळे म्हणाले, मीही थांबले. तुम्ही थांबू नका. ती काळी-हिरवट शी बहुतेक बाळांना २४ तासांत होते. ४८ तास उलटले, पोट ताठ झालं, हिरवी उलटी झाली, यांपैकी एक जरी झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

एक्स-रेमध्ये आतडं फुगलेलं पाहून मला वाटलं, बिघाड तिथेच आहे. खरं तर उलटं असतं. हर्षस्प्रुंग या आजारात गुदद्वाराजवळच्या भागात आतड्याची हालचाल चालवणाऱ्या चेतापेशीच नसतात, म्हणून तो भाग सैल होत नाही, मल पुढे ढकलत नाही. वरचा निरोगी भाग साचलेल्या मलाने ताणला जातो. हे कळल्यावरच शस्त्रक्रियेत 'बारीक' भाग का काढतात ते मला उमगलं. खात्री बायॉप्सीनेच, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होते. ती टाळू नका.

शस्त्रक्रियेनंतरही ताप, फुगलेलं पोट आणि दुर्गंधीयुक्त जुलाब एकत्र दिसले, तर रात्र असली तरी निघा. आतड्याचा हा संसर्ग जिवावर बेततो. आम्ही एकदा पहाटे तीनला निघालो होतो.

मोठ्या माणसांमध्ये मोठं आतडं फुगण्याची कारणं वेगळी असतात. आतड्याला तीव्र सूज असताना ते फुगून ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त रुंद झालं आणि ताप, जलद नाडी असेल, तर तातडीने भरती व्हावं लागतं. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका.