न्हाणीघराच्या फरश्या निवडताना

न्हाणीघराचे नूतनीकरण करताना जमिनीसाठी आणि भिंतीसाठी एकच फरशी निवडू नये, कारण भिंतीवर शोभणारा गुळगुळीतपणा पायाखाली, विशेषतः घरात वयस्कर माणसे असतील तर, खरोखर घातक ठरतो. जमिनीला मॅट, अँटी-स्किड टाईल्सच घ्याव्यात आणि दुकानात त्यांच्यावर पाणी ओतून, शक्य असल्यास साबणाचे बोट फिरवून पाहावे. कोरडा नमुना हातात घेऊन निसरडेपणा कळत नाही. आकार शक्यतो एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान असावा, कारण पाणी निचरा होण्याच्या जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो आणि मोठी फरशी न कापता तो नीट साधत नाही. मग कोपऱ्यात पाणी साचून राहते. भिंतींना चकचकीत सिरॅमिक चालते, मात्र बोअरचे जड पाणी असल्यास गडद रंग टाळावा, त्यावर क्षारांचे पांढरे ओघळ लगेच उठून दिसतात. संगमरवर तर मुळीच नको, कारण अॅसिडने तो झिजतो आणि आपल्याकडे सफाईला अॅसिड सर्रास वापरले जाते. सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे रेझिनचे घट्ट भरण, भरावे. ते महाग असले तरी पाणी शोषत नाही. जुनी लादी उखडली असेल, तर नवी बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या मजल्यावर ओल उतरते का, हे स्वतः जाऊन पाहावे. त्याच बॅचच्या चार-पाच टाईल्स जपून ठेवाव्यात, कारण पुढे तीच छटा मिळेलच असे नाही.