जुन्या वेस्टर्नमधल्या साइडकिकचा माग कसा काढायचा

जुने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयचे पिक्चर, बघायला बसलं की सगळे हिरोप्रमाणे पिक्चर लावतात, जीन ऑट्रीचे सगळे, मग रॉय रॉजर्सचे सगळे, आणि बाजूचा तो बडबड्या दाढीवाला कुठून आला नि मधेच कुठे गायब झाला ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा उलटं करा, एक साइडकिक, म्हणजे हिरोचा तो विनोदी जोडीदार, पकडा आणि त्याच्या मागे मागे जा, हिरो आपोआप बदलत जातात. एक वही घ्या, चार रकाने पाडा, साल, कंपनी, हिरो आणि पात्राचं नाव. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, का ते सांगतो.

सुरुवात जॉर्ज हेजपासून करा, म्हणजे पुढे गॅबी ह्या पात्राच्या नावाने गाजलेला साइडकिक. पण गॅबी म्हणून नको, आधी 1934 च्या आसपासचे जॉन वेनचे स्वस्तातले पिक्चर बघा, तिथे हाच बुवा चक्क व्हिलन म्हणूनही सापडतो. मूळचा स्टेजवरचा माणूस, कमावून रिटायर झालेला, 1929 ला शेअर बाजार कोसळला त्यात पैसे बुडाले म्हणून चाळिशी उलटल्यावर हॉलिवूडला आला आणि घोड्यावर बसायलाही तेव्हाच शिकला! 1935 च्या पहिल्या हॉपलाँग कॅसिडी पिक्चरमध्ये त्याचं पात्र मरतं, तरी थोड्याच दिवसात त्याच सिरीजमध्ये विंडी बनून हजर, आणि तिथून खरी गाडी सुरू. मग 1939 ला पैशावरून निर्मात्याशी फिस्कटलं, रिपब्लिक ह्या दुसऱ्या कंपनीत गेला, पण विंडी हे नाव जुन्या मंडळींच्या मालकीचं, ते बरोबर नेता येईना, म्हणून गॅबी. दाढी तीच, कवळी काढून बोलणं तेच, नाव तेवढं नवीन. (पडद्याबाहेर हा माणूस एकदम टापटीप, सुटाबुटातला होता म्हणे, फोटो शोधून बघा, ओळखू येत नाही.)

तर पात्राचं नाव बदललेलं दिसलं की आधी कंपनी बदलली का ते तपासायचं. स्मायली बर्नेट ह्या दुसऱ्या साइडकिकवर हे लावून बघा. ऑट्रीबरोबर रिपब्लिकमध्ये तो फ्रॉग मिलहाऊस, बेडकासारखा आवाज काढायचा म्हणून फ्रॉग, घोडी पांढरी आणि डोळ्याभोवती काळं रिंगण. 1942 ला ऑट्री सैन्यात गेला तरी फ्रॉग चालूच, सनसेट कार्सनच्या सुरुवातीच्या पिक्चरमध्ये तर हिरोच्या आधी ह्याचं नाव. पण 1946 ला कोलंबिया कंपनीत डुरँगो किडच्या सिरीजमध्ये आला तेव्हा फ्रॉग नाही, नुसता स्मायली. थिएटरवाल्यांच्या वार्षिक पोलमध्ये गल्ला जमवणारे टॉप टेन वेस्टर्न स्टार निवडायचे, त्यात हिरोंच्या रांगेत हेज आणि बर्नेट दोघंही आलेत, म्हणजे नुसतं तोंडी लावायला ठेवलेले लोक नव्हते हे.

एक घोळ हमखास होतो, फझी ह्या टोपणनावाचे साइडकिक दोन आहेत. फझी नाइट वेगळा, युनिव्हर्सलमध्ये जॉनी मॅक ब्राऊनबरोबरचा, आणि फझी सेंट जॉन वेगळा, बस्टर क्रॅब आणि लॅश लारूबरोबरचा. मी दोघांची एकच यादी केली होती, सगळी खोडावी लागली. सेंट जॉन ओळखायचा तो पडण्यावरून, मूकपटातला विनोदी नट फॅटी आर्बकलचा भाचा, मूकपटात सायकलच्या कसरती करून तयार झालेला, धडपडतो ते काय सुंदर.

अजून एक, पिक्चरची लांबी बघून घ्या. रिपब्लिकचे बरेच पिक्चर पुढे टीव्हीसाठी कापून 54 मिनिटांच्या आत बसवले, त्यामुळे तुमच्याकडे तेवढाच प्रिंट असेल तर साइडकिकचा एखादा अख्खा सीन उडालेला असू शकतो, मोठा प्रिंट मिळतो का ते बघा आणि मगच ह्याला काही कामच नव्हतं म्हणा.

1950 नंतर थिएटरमधले हे पिक्चर आटत गेले, तिथे वही बंद करू नका, टीव्हीचं पान उघडा. गॅबी मुलांचा शो करताना दिसेल, अँडी डिव्हाइन हा आणखी एक साइडकिक टीव्हीवरच्या हिरो वाइल्ड बिल हिकॉकच्या मागे धापा टाकत धावताना, आणि बर्नेट 1963 पासून एका कॉमेडी सिरीयलमध्ये रेल्वेचं इंजिन चालवताना, 1967 मध्ये गेला तोपर्यंत.