दोन लेगच्या बाद स्पर्धेचा अख्खा मोसम एका कागदावर कसा मांडायचा

युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या जुन्या निकालांच्या याद्या वाचताना माणूस एका ठराविक जागी अडखळतो. एकत्रित गोल २-२, तरी एकच संघ पुढे गेलेला. का गेला, हे यादी सांगत नाही. तक्ता नीट मांडला तर हे कारण कागदावर आपोआप दिसतं, वेगळं शोधावं लागत नाही. पद्धत सोपी आहे, पण दोन-तीन ठिकाणी हमखास घोळ होतो, म्हणून ती एका खऱ्या मोसमावर करून पाहू: १९९८-९९ चा कप विनर्स कप, म्हणजे युरोपातल्या देशोदेशींच्या कपविजेत्या क्लबांची स्पर्धा.

हाच मोसम का? एक तर १९६०-६१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेचा तो शेवटचा मोसम, म्हणजे तक्ता कायमचा पूर्ण. दुसरं, पहिल्या फेरीपासून ३२ संघ, मधे गटसाखळी नाही, अंतिम सामना सोडला तर प्रत्येक लढत दोन लेगची, म्हणजे दोन सामन्यांची, एकेक दोघांच्या घरी. आणि तिसरं म्हणजे बाहेरच्या, म्हणजे परक्या मैदानावरच्या गोलांवर सुटलेल्या लढती (बेरीज सारखी असली की बाहेर जास्त गोल केलेला संघ पुढे) यात इतक्या आहेत की सराव भरपूर होतो.

कागद आणि आखणी

ए-३ आकाराचा कागद आडवा घ्या. उंची २९.७ सेंटीमीटर. पहिल्या फेरीत ३२ संघ, म्हणजे ३२ ओळी. ८ मिलिमीटरची एक ओळ धरली तर २५.६ सेंटीमीटर होतात, वर शीर्षकाला आणि खाली टिपांना जागा उरते. ए-४ वर ६ मिलिमीटरच्या ओळी बसतात, पण मग नाव आणि तीन आकडे एका ओळीत कोंबावे लागतात आणि खाडाखोड केली की संपलंच. रुंदीत पाच रकाने: पहिली फेरी, दुसरी फेरी, उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. प्रत्येकी साडेसात सेंटीमीटर. पात्रता फेरी या कागदावर घेऊ नका, तिचा वेगळा कागद करा. आधी पेन्सिल, शाई सगळ्यात शेवटी.

आता पहिली मोठी चूक. बरेच जण टेनिसच्या ड्रॉसारखं डावीकडून भरायला घेतात. इथे ते जमत नाही, कारण त्या काळी प्रत्येक फेरीची सोडत नव्याने निघायची. पहिल्या फेरीतल्या पहिल्या लढतीचा विजेता दुसऱ्या लढतीच्याच विजेत्याशी खेळेल असं काही ठरलेलं नसे. यादीच्या क्रमाने १६ लढती लिहिल्या की दुसऱ्या फेरीपासून रेघा एकमेकींना कापत सुटतात आणि कागदाचं कोळ्याचं जाळं होतं.

म्हणून उलटं भरा. सगळ्यात उजवीकडे अंतिम सामना: लात्सियो २, मायोर्का १, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, १९ मे १९९९. त्याच्या डावीकडे वरच्या अर्ध्यात लात्सियोची उपांत्य लढत (लोकोमोटिव्ह मॉस्को), खालच्या अर्ध्यात मायोर्काची (चेल्सी). मग या चौघांच्या उपांत्यपूर्व लढती: लात्सियो–पानिओनिओस, लोकोमोटिव्ह–मकाबी हैफा, मायोर्का–वार्तेक्स, चेल्सी–वोलेरेंगा. असं डावीकडे सरकत गेलं की पहिल्या फेरीतल्या प्रत्येक संघाची जागा आपसूक ठरते आणि एकही रेघ दुसरीला कापत नाही.

एक लढत, दोन ओळी

खरं काम इथे आहे. प्रत्येक लढतीला दोन ओळी द्या. वरच्या ओळीत तो संघ, ज्याच्या मैदानावर पहिला लेग झाला. खालच्या ओळीत दुसरा. प्रत्येक नावापुढे तीन आकडे: पहिल्या लेगमधले त्याचे गोल, दुसऱ्या लेगमधले त्याचे गोल, बेरीज. पहिल्या फेरीतली न्यूकॅसल–पार्टिझान बेलग्रेड लढत अशी दिसेल:

न्यूकॅसल २ ० = २
पार्टिझान १ १ = २

आता बेरजा सोडून उरलेल्या चार आकड्यांकडे बघा. वरच्या संघाचा पहिला आकडा घरचा, दुसरा बाहेरचा. खालच्या संघाचं बरोबर उलट: पहिला बाहेरचा, दुसरा घरचा. म्हणजे बाहेरचे गोल नेहमी एका तिरक्या रेघेवर येतात, वरच्या ओळीचा दुसरा आकडा आणि खालच्या ओळीचा पहिला. पेन्सिलीने ती रेघ हलकी ओढा. इथे वर ०, खाली १. पार्टिझान पुढे. बेरीज सारखी आली की फक्त तिरकी रेघ वाचायची; डोक्यात काही धरून ठेवायची गरज नाही.

निकाल छापताना मात्र प्रथा वेगळी असते: यजमानाचं नाव आधी, त्याचे गोल आधी. दुसऱ्या लेगचा निकाल 'पार्टिझान १, न्यूकॅसल ०' असा छापलेला असतो. तो घाईत '१-०' म्हणून उचलला आणि न्यूकॅसलच्या ओळीत १ लिहिला, की न्यूकॅसल ३-१ ने जिंकल्याचा तक्ता तयार. पुढच्या फेरीत पार्टिझान लात्सियोशी खेळताना दिसतं आणि मग चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागतं. उपाय एकच. दुसऱ्या लेगचे आकडे उतरवताना आधी नाव वाचा, मग आकडा, आणि तो आकडा त्या नावापुढे लिहा. जोडीने कधीच उतरवू नका.

एक्सेल वापरणाऱ्यांनीही हेच करावं. '२-१' असं एका खान्यात टाकू नका. त्याची बेरीज होत नाही आणि एक्सेल कधी कधी त्याची तारीख करून टाकतं. प्रत्येक गोलसंख्येला स्वतंत्र खाना.

लात्सियोची अख्खी वाट

तिरकी रेघ किती कामाची आहे हे विजेत्याच्याच प्रवासात दिसतं. पहिली फेरी:

लात्सियो १ २ = ३
लोझान १ २ = ३

रेघेवर वर २, खाली १. लात्सियो पुढे. दुसऱ्या फेरीत पार्टिझान: रोममध्ये ०-०, बेलग्रेडमध्ये लात्सियोचे ३ आणि पार्टिझानचे २. इथे बेरीजच ३-२ आहे, रेघ बघू नका. बाहेरच्या गोलांचा नियम फक्त बेरीज सारखी असेल तेव्हाच लागतो; प्रत्येक लढतीत बाहेरचा गोल दुप्पट धरणं ही फार पसरलेली गैरसमजूत आहे. उपांत्यपूर्व फेरीत पानिओनिओसविरुद्ध ४-० आणि ३-०, प्रश्नच नाही. उपांत्य फेरीत पुन्हा:

लोकोमोटिव्ह मॉस्को १ ० = १
लात्सियो १ ० = १

रेघेवर वर ०, खाली १. म्हणजे विजेता संघ दोन वेळा बेरजेत बरोबरीवर सुटला, आणि रोममधल्या चार सामन्यांतला फक्त एक त्याने जिंकला. नऊ सामने, चार विजय, पाच बरोबरी, पराभव शून्य. नुसती 'विजेता: लात्सियो' अशी ओळ वाचून यातलं काहीच कळत नाही.

मायोर्काचंही तसंच. दुसऱ्या फेरीत गेंककडे १-१, घरी ०-०, बाहेरच्या एका गोलावर पुढे. उपांत्य फेरीत गतविजेत्या चेल्सीकडे लंडनमध्ये १-१. तक्त्यात ही लढत 'चेल्सी १ ०, मायोर्का १ १' अशी येते आणि बेरजेवरच मिटते, पण दुसऱ्या लेगआधीची स्थिती वाचायला शिका. मायोर्काला घरी ०-० सुद्धा पुरलं असतं. गोल करणं भाग होतं ते चेल्सीला. पहिल्या लेगनंतर फक्त तिरक्या रेघेचा एक आकडा भरलेला असतो, आणि दुसऱ्या लेगमध्ये कोण बचाव करील, कोण धावत सुटेल, हे बरंचसं तोच आकडा ठरवतो.

कारणाची खूण

लढतीच्या उजव्या कडेला, रेघ पुढे जाते तिथे, निकाल कशाने लागला याची खूण करा. खूण नसेल तर साध्या बेरजेने, असा अर्थ. बाकीच्यांसाठी: 'बा' बाहेरच्या गोलांवर, 'जा' जादा वेळेत, 'पे' पेनल्टी शूटआउटवर, 'ति' तिसऱ्या सामन्यावर, 'ना' नाणेफेकीवर, 'पु' पुढे चाल.

शेवटच्या काही खुणा जुन्या मोसमांत लागतात, आणि कोणती खूण कधी चालते हे वर्षावर ठरतं. बाहेरच्या गोलांचा नियम १९६५-६६ मध्ये याच कप विनर्स कपात प्रथम आला, बाकी स्पर्धांत नंतर. १९७०-७१ पासून नाणेफेकीच्या जागी पेनल्टी आल्या. त्याआधी बरोबरी सुटली नाही तर त्रयस्थ मैदानावर तिसरा सामना व्हायचा. १९६५ च्या युरोपियन कपात लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन्ही लेग ०-०, रॉटरडॅमचा तिसरा सामना जादा वेळेनंतरही २-२, शेवटी नाण्याऐवजी चकती उडवली. ती पहिल्यांदा चिखलात उभीच रुतली! दुसऱ्यांदा लिव्हरपूलच्या बाजूने पडली. अशा लढतीला तिसरा आकडा आणि 'ति, ना' अशी जोडखूण लागते, म्हणून १९७० आधीच्या मोसमांसाठी रकाना सेंटीमीटरभर रुंद ठेवा.

जादा वेळेचे गोल दुसऱ्या लेगच्या आकड्यातच धरायचे. शूटआउटचे गोल मात्र बेरजेत कधीच घ्यायचे नाहीत. ते कंसात, लहान अक्षरात. आणि बाहेरच्या गोलांचा नियम लागू असताना जादा वेळेतले गोलही तिरक्या रेघेवर मोजले जायचे. इथे खुद्द पंचाचाच घोळ झाल्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे, १९७१-७२ च्या कप विनर्स कपाची दुसरी फेरी:

रेंजर्स ३ ३ = ६
स्पोर्टिंग लिस्बन २ ४ = ६

लिस्बनमध्ये ९० मिनिटांनंतर स्पोर्टिंग ३-२ पुढे, म्हणजे बेरीज ५-५ आणि बाहेरचे गोलही २-२. जादा वेळेत दोघांचा एकेक. आता रेघ वाचा: वर ३, खाली २. रेंजर्स पुढे जायला हवेत. पण डच पंच लॉरेन्स व्हॅन राव्हेन्स यांनी पेनल्टी घ्यायला लावल्या, त्या स्पोर्टिंगने जिंकल्या. नंतर तो निकाल रद्द होऊन रेंजर्सना पुढे धाडलं गेलं, आणि त्यांनी बार्सिलोनात डायनामो मॉस्कोला ३-२ ने हरवून कपही नेला. या लढतीला खूण 'बा' करायची, 'पे' नाही. झालेल्या पेनल्टींची नोंद खालच्या टिपेत.

दुसरा चकवा म्हणजे एकाच मैदानावर झालेले दोन लेग. २००३ च्या चॅम्पियन्स लीगची मिलान–इंटर उपांत्य लढत दोन्ही वेळा सान सिरोवरच झाली, ०-० आणि १-१. पहिल्या लेगला यजमान मिलान, दुसऱ्याला इंटर, म्हणून मिलानचा गोल 'बाहेरचा' ठरला आणि मिलान अंतिम सामन्यात गेलं. वरची ओळ मैदानावरून नाही, यजमानपदावरून ठरवा.

नावं, तारखा, पडताळणी

नावाचं एकच रूप आधी ठरवून घ्या. मलोर्का, मायोर्का, मॅलोर्का; लाझिओ, लात्सियो: मराठी छापील मजकुरात सगळी रूपं भेटतात, आणि एक्सेलमध्ये शोधताना ती वेगवेगळे संघ ठरतात. लोकोमोटिव्ह, डायनामो, पार्टिझान, स्पोर्टिंग, रॅपिड यांच्यापुढे शहर लिहाच, या नावांचे एकाहून जास्त क्लब आहेत.

तारीख स्थानिक घ्या. मध्य युरोपात रात्री पावणेनऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात सव्वाबाराला आणि हिवाळ्यात सव्वाएकला सुरू होतो, म्हणजे तारीख उलटलेली असते. भारतीय बातम्यांवरून उतरवलेल्या तारखा म्हणूनच एका दिवसाने पुढे जातात.

भरून झाल्यावर मोजणी. ३२ संघ, म्हणजे ३१ लढती. प्रत्येक लढतीत एक बाद, शेवटी एक उरतो. सामने ३२ अधिक १६ अधिक ८ अधिक ४ अधिक १, एकूण ६१. हा आकडा जुळला नाही तर एखाद्या लढतीचा लेग सुटला आहे किंवा कुणाला पुढे चाल मिळाली आहे. मग पुढे गेलेल्या प्रत्येक संघाची बेरीज प्रतिस्पर्ध्याहून जास्त आहे का, नसेल तर खूण केली आहे का, एवढं पाहा. खुणेशिवाय बरोबरी दिसली तर बहुधा दुसऱ्या लेगचे आकडे उलटे पडलेले असतात.

२०२१-२२ पासून युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने, बाहेरच्या गोलांचा नियम काढून टाकला, त्यामुळे त्यानंतरच्या मोसमांत 'बा' ही खूण लागतच नाही. बेरीज सारखी तर जादा वेळ, मग पेनल्टी. आकड्यांची मांडणी तशीच ठेवा, कारण बाहेर किती गोल केले हे तरीही कळतं. जुना तक्ता नव्या नियमाने वाचून पाहायचा असेल तर प्रत्येक 'बा' भोवती वर्तुळ करा: तिथे जादा वेळ झाली असती. १९९८-९९ च्या कागदावर त्यातलं एक वर्तुळ लोझानच्या मैदानावर पडतं, पहिल्याच फेरीत, लात्सियोच्या नावापुढे.